स्विचवरचं कार्ड

दामोदर वायंगणकर जाऊन अकरा दिवस झाले होते. त्यांच्या मुलीला, प्रांजलीला, अजून एकदाही धड रडू आलं नव्हतं. पुण्याहून आल्यापासून ती याद्या करत बसली होती. कुणाला कळवायचं राहिलं, कुठल्या कागदावर आईची सही हवी, तेराव्याला किती पानं. हिंदी मुलखातल्या त्या गावात, खंडेराव गेटजवळच्या घरात माणसांचा राबता होता आणि ती प्रत्येकाला पाणी देऊन, नमस्कार करून, तेच ते चार शब्द बोलून मोकळी होत होती.

सकाळी कारखान्यातून नीरज जी आले. तिशीतला अधिकारी, बोलायला गोड. "मैम, कल चार बजे शोकसभा है, कैंटीन वाले हॉल में. और गेट पर साहब के नाम का पत्थर लगेगा. उस पर साहब का वही अमर वाक्य. पत्थर पर खुदाई भी हो चुकी है. आप दो शब्द बोल दीजिएगा, आप तो प्रोफ़ेसर हैं."

वाक्य कुठलं ते विचारायची गरज नव्हती. 'बिजली बंद, तभी हो काम. हँसते लौटो घर हर शाम.' प्रांजली मान खाली घालून हो म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच कसंसंही झालं. कारण ते वाक्य बाबांचं नव्हतंच. तिचं होतं.

बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. पोलादी पत्रे कापायच्या विभागात पात्याशी पत्रा अडकला की माणसाला हात आत घालून तो सोडवावा लागे. त्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्यावर एक कार्ड अडकवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून चालू करू नये, असा नियम. बाबांनी त्यात स्वतःची एक रीत घातली होती. कार्ड ज्याचं त्यानं हातानं लिहायचं आणि स्वतःचं नाव नाही लिहायचं, घरी वाट बघणाऱ्याचं लिहायचं. 'इस मशीन में गुड्डी के पापा हैं.' 'इस मशीन में अम्मा का छोटा वाला है.' ज्याला लिहिता येत नसे त्याचं बाबा स्वतः लिहून देत, त्यांच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत.

वीस वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या सुट्टीत, तसल्या कार्डांची एक चळत घरी आलेली पाहून प्रांजलीला हसू आवरेना. ती तेव्हा पुण्यात जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला होती. शिकलेलं सगळं अगदी ताजं होतं.

"बाबा, हे फार रडकं आहे हो. आणि प्रत्येक कार्ड वेगळं! संदेश एक हवा, छोटा हवा, यमकात हवा. लोकांच्या तोंडात बसला पाहिजे."

"मग तू दे करून," बाबा म्हणाले होते.

जेवणाची ताटं उचलायच्या आत तिनं ते लिहून दिलं. बाबांनी दोनदा वाचलं. "छान आहे. तालात आहे," म्हणाले. तीनशे कार्डं छापून झाली, लाल-पिवळी, प्लास्टिकची. सुरक्षा सप्ताहात त्या नाऱ्याला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे प्रांजली शिकवायला लागली आणि दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर ते वाक्य लिहू लागली. लक्षात राहणारं वाक्य कसं बनतं, याचा हा नमुना. अठरा वर्षं, अठरा तुकड्या.

दुपारी बाबांच्या कारखान्यातला मुकेश आला. टहरौलीहून बस बदलून आलेला, खांद्यावर पिशवी, पिशवीत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यानं पिशवी डाव्या हातानं पुढे केली. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, तेवढीच.

"भाभी जी, साहब को हरा चना बहुत पसंद था, तो..." म्हणत तो थांबला. मग चहाचा घोट घेऊन आईला, सिंधूताईंना, म्हणाला, "चीनी अब भी डरते-डरते डालती हो!"

"डॉक्टरने तुम्हारे साहब को मना की थी, हाथ को वही आदत हो गई," आई म्हणाली. अकरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

उद्याच्या पत्थराचा विषय प्रांजलीनंच काढला. मुकेश खूश झाला. "अरे दीदी, साहब का नारा! नींद में बोल दूँ." गुडघ्यावर डाव्या हातानं ठेका धरून त्यानं तो चक्क होळीच्या फागाच्या चालीवर म्हणून दाखवला. "पूरा विभाग गाता था. जिस दिन हाथ गया, उस दिन भी मैं यही गा रहा था."

आणि हसला. ज्यानं ही गोष्ट शंभर वेळा सांगितली आहे, तसा.

प्रांजलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पण कार्ड... कार्ड नहीं टाँगा था?"

"टाँगा था! पर कार्ड तो सब जगह टँगे थे. चलती मशीन पे भी, शोभा के लिए. इनाम मिला था न, बड़े साहब लोग देखने आते थे. पाली बदली, दूसरे आदमी ने समझा यह भी ऐसे ही टँगा है. उतारा, और बटन दबा दिया."

"और पहले वाला कार्ड होता तो?"

मुकेशनं जरा विचार केला. "पहले वाले पे लिखा रहता था न, कौन अंदर है. किसी की बिटिया का नाम पढ़ के हाथ एकदम बटन पे नहीं जाता, दीदी. आदमी पहले आवाज़ देता था, ए मुकेश, निकल आया क्या? बस, उतना ही." मग म्हणाला, "साहब अस्पताल में आके बैठे रहे. बोले, ग़लती मेरी है. मैंने कहा, साहब, बटन आपने दबाया क्या? नहीं माने. छपे वाले सारे बोरे में भर के ले गए, फिर सबसे हाथ से लिखवाया. रिटायर होने तक."

आई एकाएकी उठून हरभरा आत घेऊन गेली.

आता बोलायला हवं होतं. समोर माणूस बसलेला, हातातला चहा निवत चाललेला, खोलीत तिसरं कुणी नाही. तो नारा माझा होता, एवढंच तर सांगायचं. प्रांजलीनं तोंड उघडलं आणि विचारलं, "और चाय लेंगे?"

"नहीं दीदी. आज यहीं साले के घर रुकूँगा, ओरछा गेट पे. कल सभा में आता हूँ."

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. आई हरभरा सोलत होती, मान वर न करता.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नसेल कसं? कार्डं छापल्यावर आठव्या महिन्यात झालं ते. दीड महिना रोज डबा जात होता त्याला अस्पतालात."

"मला का नाही सांगितलंत?"

"ते म्हणाले, पोरीचं आता कुठे सुरू झालंय, मागून सांगू. मग तू दर सुट्टीत येऊन त्याच नाऱ्याचं सांगायचीस. अमक्या वर्गात शिकवला, तमक्या ठिकाणी छापून आला. ते ऐकून घ्यायचे. मग जरा बाहेर जायचे."

"कुठे?"

"कुठे जाणार! गेटापर्यंत. येताना भाजी आणायचे. घरात तीच भाजी सकाळी आणलेली असायची." आईनं सालं एका बाजूला केली. "चौकशीत त्यांनी लिहून दिलं, जुनी कार्डं मी काढली, नारा माझाच. बढती राहिली ती कायमची."

प्रांजलीला ती भाजी आठवली. दोन-दोन जुड्या मेथी. बाबांना आता विसरायला होतं म्हणून तिनं त्यांची थट्टाही केली होती, चारचौघांत. तिचे कान तापले. पुण्यात बसून ती मुलांना विचारायची, हे वाक्य कामगारांना इतकी वर्षं का लक्षात राहिलं असेल? मुलं हात वर करायची. यमक, मॅम. लय, मॅम. शाबास म्हणायची ती.

"उद्या काय बोलशील?" आईनं विचारलं.

"बघते."

संध्याकाळी तिनं नीरज जींना फोन केला, पत्थर थांबवता येईल का म्हणून. "मैम, अब? जीएम साहब के हाथ से उद्घाटन है. आप इमोशनल हैं, मैं समझ सकता हूँ."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. दोनशे माणसं तरी असतील, निम्मी निवृत्त झालेली. हार घातलेला फोटो, बाजूला पांढऱ्या कापडाखाली पत्थर. मुकेश दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. जीएम बोलले, युनियनचे कुणी बोलले. प्रत्येकानं शेवटी नारा म्हटला आणि प्रत्येक वेळी सगळा हॉल त्यात मिसळला.

प्रांजली माईकपाशी गेली. लिहून आणलेला कागद तिनं उघडलाच नाही.

"यह नारा बाबा का नहीं था," ती म्हणाली. "मैंने लिखा था."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि पाहता पाहता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. "वाह बिटिया!" मागून कुणी ओरडलं. नीरज जी कौतुकानं मान डोलावत होते. मुकेशसुद्धा वाजवत होता, डावा तळवा उजव्या मनगटावर आपटून.

तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कबुली द्यायला गेली आणि श्रेय घेऊन बसली. इथेच थांबलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. उलट पत्थरावर तिचंही नाव आलं असतं.

"नहीं, सुनिए," ती म्हणाली. मग तिला जे जसं आठवेल तसं तिनं सांगितलं. ना क्रम, ना शेंडा ना बुडखा. चळत पाहून मी हसले होते ते. मीच रडकं म्हणाले होते ते. बाबांनी माझं ऐकून जुनी कार्डं काढली, आठ महिन्यांत मुकेश भैयांचा हात गेला, आणि बाबांनी सगळं आपल्या माथी घेतलं. मी अठरा वर्षं हाच नारा मुलांना शिकवत राहिले. "यह पत्थर मत लगाइए. हाथ जोड़ती हूँ."

टाळ्या वाजल्या नाहीत. जीएमनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी फोटोला फुलं वाहायला उठलं, त्यामागे रांग लागली, आणि कापड तसंच राहिलं.

प्रांजली खाली उतरली तेव्हा दुसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. मुकेश तिला बाहेर सायकल स्टँडपाशी सापडला. चहाचा कागदी पेला कट्ट्यावर तसाच भरलेला.

"मुकेश भैया."

त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग दिसला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"दीदी, कल घर पे बता देतीं."

"हिम्मत नहीं हुई."

"और यहाँ हो गई? दो सौ लोगों में?"

तो खरं बोलत होता. दोनशे माणसांत तिच्या हातात माईक होता, आणि काल समोर हा एकटा होता.

"मैं आपके सामने बैठ के गा रहा था," मुकेश म्हणाला, "और आप सुनती रहीं."

"हाँ."

"चाय पूछ रही थीं."

"हाँ."

रस्त्यावर टमटम येऊन थांबली. मुकेश उठला, खांद्यावर पिशवी घेतली. "भाभी जी को नमस्ते कहिएगा." मग बसता बसता थांबला. "बस छह बजे की है. अड्डे पे आधा घंटा बैठना पड़ेगा."

चल म्हणाला नाही. नकोही म्हणाला नाही. सरकून त्यानं बाजूला जागा केली आणि समोर रस्त्याकडे बघत बसला. प्रांजली त्याच्या शेजारी बसली. टमटम सुटली.

"मई का महीना था," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला सुचेना.

"हूँ," मुकेश म्हणाला. "फिर?"