लाटपाद्री रस्त्यात आहे

सकाळी माझ्या लेकीच्या, शिवांगीच्या प्लेटलेट्स पुन्हा उतरल्या आणि सिस्टरनं मला आयसीयूबाहेर काढलं. आत एकानंच थांबायचं. माझा नवरा सुजय म्हणाला, "मी थांबतो, तू नुसती रडतेस." खरंच होतं ते. दुपारी इंदुमतीकाकू आल्या, त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ रिक्षात घातलं.

"कुठे चाललोय काकू?"

"लाटपाद्रीकडे. आता क्यों-क्या बिलकुल करू नको."

काकू आमच्या शेजारच्या. त्यांचे यजमान मिलमध्ये क्लार्क होते. मिल केव्हाच बंद पडली, काकूंचं तोंड काही बंद पडलं नाही. लग्न होऊन मी सांगलीहून इंदूरला आले तेव्हापासून त्यांच्याकडून या लाटपाद्रीचं ऐकत होते. तो इंग्रजांच्या काळातला बिशप. छावणीपलीकडच्या जुन्या गोऱ्या कब्रस्तानात त्याचं थडगं आहे. मिलवाल्यांच्या मराठी बायकांनी त्याची चक्क कहाणी केली होती, आपण श्रावणात सांगतो तशी. लेकरू तापानं फणफणलं की आईनं थडग्यापाशी बसायचं, मुठीत तांदूळ घ्यायचे आणि ती सांगायची. मध्येच मूठ उघडायची नाही, कहाणी अर्धी सोडायची नाही. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. या प्रकाराची मी चारचौघांत यथेच्छ टिंगल केली होती.

त्या दुपारी मात्र मी मुकाट्यानं चपला काढल्या आणि बसले. मोठ्या दगडाला लागून एक लहान दगड होता. तो त्याच्या मुलीचा, मेबलचा. त्याच्याकडे मी बघितलंच नाही.

काकूंनी माझ्या उजव्या मुठीत तांदूळ कोंबले. "बोल बेटा. मी हुंकार देते."

"ऐक लाटपाद्रीबाबा, तुझंच तुला सांगते," मी सुरुवात केली. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "विलायतेत एका गरीब पाद्र्याच्या घरी तू जन्मलास. बोटीत बसून इकडे आलास. महूला पलटणीचा पाद्री झालास. गोऱ्या सोल्जरांची लग्नं लावलीस आणि त्यांनाच पुरलंस."

"हूं."

"तुझं काम वर पसंत पडलं. तू मोठा पाद्री झालास, मग त्याहून मोठा, मग लाटपाद्री. बोटात अंगठी आली, हातात काठी आली. गावोगाव फिरायचास. नवं कब्रस्तान झालं की त्याच्या कडेकडेनं प्रार्थना म्हणत चालायचास, की ती जमीन पवित्र व्हायची."

"हूं."

"एकदा तू असाच दौऱ्यावर होतास. इंदुरात तापाची साथ आली. तुझी मेबल तापली. तुला तार गेली. तू म्हणालास, आधी हातातलं काम, मग घर. काम उरकून तू निघालास."

"हूं."

इथे मी थांबले. पुढचं मला पाठ होतं. साहेब घरी पोचला तेव्हा मेबल गेली होती. मग प्लेगच्या वर्षी त्यानं आपला बंगला मिलवाल्यांच्या लेकरांना उघडून दिला, एकेका खाटेपाशी बसला आणि शेवटी इथेच, पोरीशेजारी निजला. काकू म्हणतात, स्वतःच्या लेकरापाशी पोचला नाही, म्हणून तो आपल्या लेकरांपाशी पोचतो. मला सगळं समजत होतं. पण 'गेली' हा शब्द तोंडातून काढायचा? मी इथे म्हणायचं आणि तिकडे तसंच झालं तर? शिवांगीचे सुकलेले ओठ डोळ्यांसमोरून हलेनात.

"मग तू... वाटेत हातोदला आलास," मी म्हणाले.

काकूंनी खाडकन डोळे उघडले. "हातोद? हातोद कहां से आया? माझ्या सासूबाईंच्या कहाणीत हातोद नव्हतं."

"आता आहे. हुंकार द्या."

काकूंनी पुन्हा डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, "हूं."

मी साहेबाच्या बग्गीचं चाक मोडलं. सुतार शोधायला लावला. घोडा लंगडा केला, दुसरा घोडा मिळू दिला नाही. तो रस्त्यात होता तोवर मेबल जिवंत होती, आणि मेबल जिवंत होती तोवर माझी पोरही. रडतखडत त्याला इंदुरातल्या कृष्णपुऱ्यापर्यंत आणला, तर नदीला पूर आणला आणि त्याला पलीकडच्या काठावर उभा केला. मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले होते.

पर्समधला फोन वाजला. सुजयचा.

डावा हात मोकळा होता, पण उचलवेना. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी फोन काढून स्पीकर लावला.

"मंजू? बढल्या ग! प्लेटलेट्स बढल्या! पाणी मागितलं तिनं. डॉक्टर म्हणाले, खतरा टळला समजा!"

मी हंबरडा फोडला. फोन हिसकावला, उठले आणि धावतच सुटणार होते. काकूंनी पदर ओढून मला खाली बसवलं.

"पहिले पूर्ण कर. तो बिचारा नदीवर उभा आहे."

पोर वाचली होती, तरी तो शब्द तसाच पुढे उभा होता. आता मात्र मी लहान दगडाकडे बघितलं. मेबल, बिशपची मुलगी, एवढंच त्यावर होतं. कहाणीतही सगळा साहेबच होता, त्याची बोट, त्याची अंगठी, त्याचा दौरा. मग ती तार कुणी केली होती?

"पाणी उतरलं," मी म्हणाले. "तू घरी पोचलास. मेबल गेली होती."

"हूं," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"पण ती एकटी नव्हती. तिच्या उशाशी तिची आई होती. पट्ट्या बदलत होती आणि रस्त्याकडे कान लावून बसली होती."

काकूंचा हुंकार आला नाही.

प्लेगचं, बंगल्याचं मी भराभर सांगून टाकलं आणि मूठ उघडली. तांदूळ मोठ्या दगडावर वाहायचे असतात. मी ते लहान दगडाच्या उशाशी ठेवले, तिची आई बसली असेल त्या जागी. त्या आईला कुणी "बढल्या ग" म्हणालं नव्हतं.