फुयूच्या मानेवरचा गुलाबी डाग

माझ्या नवऱ्याची अक्कल एकदा कळपाबरोबर चरायला गेली, ती परत आलीच नाही. नाहीतर नोंदणीच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र नराच्या मानेवर गुलाबी डाग पाडून कोणी आणतं का?

नराचं नाव फुयू, म्हणजे ढग. लग्नात मी माहेराहून लोकरीसाठी पाळायची एकच अल्पाका आणली होती, तीही लंगडी. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "सुनेबरोबर तीन पाय आले, चौथा वाटेत राहिला वाटतं!" पण त्या लंगडीची लेक, लेकीची लेक, आणि तिच्या पोटचा हा फुयू. आज पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा नर नाही. लोकर अशी, की बोटांत धरली तर धरलीय की नाही तेच कळू नये.

नोंदणीवाले, म्हणजे जातिवंत जनावरं वहीत चढवणारे इंजिनियर, आमच्या डोंगरात चार वर्षांतून एकदा येतात. दात बघतात, जबडा बघतात, लोकर बघतात, गुण देतात आणि पास झालेल्याच्या कानात नंबर ठोकतात. वहीत मालक म्हणून घरच्या बाप्याचं नाव पडतं, बाईला कोणी विचारत नाही. कळपाच्या कागदावर माझा नवरा तेओफिलो, कुरणाच्या कागदावर तेओफिलो. एवढ्या एका जनावरापुढे तरी माझं नाव, हर्मेलिंदा, लिहिलेलं मला हवं होतं. पण मी कशाला मागू? त्यालाच कळायला नको? म्हणून मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, नुसती आठवडाभर भांडी आपटली.

त्या दिवशी तो अंधारातच फुयूला घेऊन पुढे गेला. मी बटाटे उकडून, किटली आणि शेणी पाठीवर बांधून मागून निघाले. वाटेत गारांचा पाऊस झाला. जनावरांच्या दगडी वाड्याशी पोचते तर काय, माणसं पोट धरून हसतायत, आणि मधोमध फुयू उभा. कानापासून खांद्यापर्यंत गुलाबी ओघळ.

"अरे, काय केलंस हे?"

"कानात गोंडे बांधले होते," तेओफिलो जमिनीकडे बघत म्हणाला. "काढले आता."

सणाच्या दिवशी आम्ही जनावरांच्या कानात लोकरीचे गोंडे बांधतो, ज्या त्या घराचा रंग वेगळा. त्याच्या घराचा लाल. पण हा काय सण होता? इंजिनियर काय नवरदेव बघायला आले होते?

"लोकर कुठली?"

"बाजारातली."

"बाजारातली! मी निवडुंगावरचे लाल किडे वाटून दोनदा उकळलेला रंग वर्षभर गारा पडल्या तरी हलत नाही, आणि तुला बाजारातली सुचली?"

आमचा व्याही गुमेर्सिंदो गप्प बसला तर शपथ. "साहेब, लिहा की, गुलाबी जात! जगात पहिलीच!"

एदगार इंजिनियर भला माणूस, पण नियमाचा पक्का. "मावशी, पांढऱ्यावर डाग चालत नाही, आणि रंग लावलेलं जनावर तर मुळीच नाही. मागे एकाने काळा ठिपका चुन्याने झाकून आणला होता. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी? चार वर्षांनी तो म्हातारा होईल, साहेब!"

मला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला. मग म्हटलं, रडून काय होणार, हर्मेलिंदा, डोकं चालव. मी शेणी पेटवल्या आणि किटली चढवली.

"साहेब, रंग लावतात तो खोट झाकायला. डागाखालची लोकर उघडून बघा, काही झाकलंय का. मग टोकं कापा आणि या पाण्यात टाका. खरा डाग असेल तर पाण्याने जाणार नाही. तसं झालं तर तुमची गाडी निघायच्या आत मी त्याला घेऊन घरी जाते."

इंजिनियरने मानेवरची लोकर फाकवली. मुळाशी पांढरी, कातडी स्वच्छ. चिमूटभर टोकं कापून त्याने गरम पाण्यात सोडली. सगळे किटलीवर वाकले. पाणी गुलाबी झालं. त्याने काडीने केस बाहेर काढले, झटकले आणि उन्हात धरले. पांढरे!

"खोट नाही. रंगात पास," तो हसून म्हणाला. मग दात, जबडा, लोकर सगळं बघितलं. शंभरात शहाऐंशी.

इंजिनियरबरोबर आलेली, वही घेऊन बसलेली योवाना विचारायला लागली. "आई?" मी सांगितलं. "आजी?" सांगितलं. "पणजी?" "लंगडी," मी म्हटलं, "आणि नीट लिही."

"मालक?" असं म्हणत तिने न विचारल्यासारखंच तेओफिलोचं नाव लिहायला घेतलं.

"थांब, पोरी," तेओफिलो म्हणाला. त्याने खिशातून भिजलेला गोळा काढून वहीशेजारी ठेवला. "गोंड्याचा रंग बघ आधी. आमचा लाल असतो. हा गुलाबी, हिच्या माहेरचा. जनावर हिचं आहे. सगळ्यांना लांबूनच दिसावं म्हणून बांधले होते."

माणसं गोंडे बघायला पुढे सरकली. गुमेर्सिंदोसुद्धा.

"मग घरातला पक्का रंग का नाही घेतलास, मेल्या?"

"मागितला असता तर तुला कळलं नसतं?"

मला इतका आनंद झाला, की चार लोकांत काय करावं ते सुचेना. म्हणून मी त्याच्या टोपीवर एक टपली मारली. योवानाने अर्धं नाव खोडलं आणि पेन माझ्यापुढे केलं. मी सही केली. पूर्ण नावाची केली. कानात नंबर बसला, तसा फुयू इंजिनियरच्या कोटावर पचकन थुंकला.

परतीच्या वाटेवर तेओफिलो फुयूची दोरी धरून चालला होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता माझ्या माद्यांवर ह्याला सोडायचं तर तुला विचारावं लागणार?"

"नुसतं विचारून भागायचं नाही," मी म्हटलं. "अर्ज कर."