माझ्या भिंगाचा तडा

माझ्या भिंगाला केसाएवढा तडा आहे. पडद्यावर कोणताही आलेख आला, तरी त्याच्यावरून एक तिरकी रेघ जाते. नवे शिकाऊ तिला आलेखाचाच भाग समजतात.

मित्रांनो, मी बल्गेरियातल्या पेर्निकमधल्या एका पत्रा-कारखान्याचा जुना प्रोजेक्टर. नवा होतो तेव्हा मला पाहायला संचालक आले होते. मग बरीच वर्षे कपाटात धूळ खात पडलो. आकड्यांच्या नव्या सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण निघाले, तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली.

शिकवायला रालित्सा आली. सरावासाठी तिने कारखान्यातल्याच अपघातांची माहिती घेतली होती. नावांऐवजी फक्त आद्याक्षरे.

पुढच्या बाकावर स्तोइल बसला होता. पत्रा दाबणाऱ्या चार नंबरच्या प्रेसमध्ये त्याच्या धाकट्या भावाचा, स्तामेनचा, हात अडकला. स्तोइल त्याला ओढायला धावला आणि साचा पुन्हा खाली आला. दोघांचेही उजवे पंजे पत्र्यावर राहिले. आता घर चालवायला त्याच प्रेसवर स्तोइलची बायको नेव्याना उभी राहत होती. प्रेस बंद करा म्हटले, की मुख्य इंजिनियर वेल्चेव म्हणत, "आकडे बघू, मग ठरवू."

"माहिती आधी साफ करायची," रालित्सा म्हणाली. "हुबेहूब सारख्या ओळी म्हणजे एकच नोंद चुकून दोनदा भरलेली. दाबा बटण."

आलेखातला चार नंबरच्या प्रेसचा स्तंभ खाली सरकून धोक्याच्या लाल रेषेच्या आत आला.

"बघा!" वेल्चेव मागून म्हणाले. "उगाच बोंबलत होतात. कुठंय धोका?"

स्तोइल उठला. "ओळ नाही गेली, माझा भाऊ गेला त्यातून."

"बस रे खाली. एकाच माणसाची नोंद—"

"स्तोइल आणि स्तामेन! आद्याक्षर एक, बाप एक, आडनाव एक, दिवस एक, पंजाही उजवाच. म्हणून काय आम्ही एकच माणूस?"

त्याने डाव्या हाताने वेल्चेवांची कॉलर धरली आणि त्यांचे तोंड माझ्या टेबलावर आपटले. नाकाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. टेबल कलंडले, मी फरशीवर पडलो, भिंग तडकले. दिवा मात्र जळत राहिला. स्तोइलने त्यांना फरफटत माझ्या प्रकाशात आणले आणि थोटा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा एक. दुसरा घरी आहे, आणून दाखवू? का तिसरा नेव्यानाचाच हवाय?"

रालित्साने पुसलेली ओळ परत आणली. "चूक माझी," ती म्हणाली. "पुसण्याआधी विचारायला हवं होतं."

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला नेहमी सांगतात. ओळीही जपा. सारखी दिसली म्हणून पुसू नका. ती कुणाची आहे, हे आधी विचारा.

मला उचलून पुन्हा टेबलावर ठेवले. चार नंबरचा स्तंभ लाल रेषेच्या वर उभा होता, माझ्या तड्याने चिरलेला. खालून प्रेसचे ठोके येत होते. वेल्चेवांनी बाहीने रक्त पुसले आणि फोन उचलला.

"वेल्चेव बोलतोय. नेव्यानाला बाजूला घ्या... नाही, ऑर्डर संपल्यावर नाही. आत्ता. चार नंबर बंद करा."