माझ्या केबिनची झडती

मित्रांनो, मी एक जुनी सहाचाकी आहे. ट्रक म्हणा, गाडी म्हणा, माझी हरकत नाही. 'खटारा' म्हणालात तर मात्र पुढचं एक अक्षर सांगणार नाही.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. कारखान्यातून निघाले तेव्हा इंजिन होतं, चाकं होती, वर काही म्हणता काही नव्हतं. मला आणणारा ड्रायव्हर उघड्या फळीवर बसून, तोंडाला फडकं बांधून आला. मग एका सुताराने आणि एका लोहाराने मिळून माझी केबिन उभी केली, मागे हौदा बांधला. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. एकाने ठोकलेलं दुसरा हलवून हलवून बघायचा, चूक सापडावी म्हणून. त्यात माझं भलं झालं. इतकी वर्षं झाली, माझ्या हौद्याची एक फळी अजून कुरकुरत नाही.

तेव्हा मालक मला स्वतः चालवत. त्यांच्याकडे मी एकटीच होते. माझ्या कमाईवर आवाराला भिंत आली, पत्र्याचं ऑफिस आलं, मालकांचं लग्न झालं. लग्नाबरोबर मेहुणा आला, तो काही मी मागितला नव्हता. मालक चारचौघांत माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "ही आहे म्हणून मी आहे." मी ऐकत असे. कोण नाही ऐकणार?

मग नव्या गाड्या आल्या. थंड हवेच्या, गाणी वाजवणाऱ्या. मला भिंतीच्या कडेला लावलं. माझी स्टेपनी 'दोन दिवसांसाठी' म्हणून नेली, ती अजून येतेच आहे. एका मांजरीने माझ्या सीटखाली बाळंतपण उरकलं. मी चालवून घेतलं. कुणाच्या तरी उपयोगी पडत होते ना! ड्रायव्हर मला हात लावायला तयार नसत, कारण माझा तिसरा गियर क्लच दोनदा दाबल्याशिवाय पडत नाही. तेवढा धीर हल्ली कुणाला आहे?

आमच्या आवारात एक ताई ताडपत्र्या शिवायला येत असे. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून ती भली मोठी सुई जाड कापडातून आरपार काढायची. तिची जीभ त्या सुईहून टोकदार. एकदा माल तुंबला होता, एक ड्रायव्हर काम सोडून गेला होता आणि मालक डोकं धरून बसले होते. तेव्हा ती एका उंच, खांदे पाडून चालणाऱ्या माणसाला घेऊन आली.

"मालक, हा माझा धाकटा भाऊ. जड गाडीचं लायसन्स काढलंय त्यानं. एक संधी द्या."

"आधी कुठं होता?"

"लांब. कामाला." ताईने झटकन सांगितलं. भाऊ जमिनीकडे बघत राहिला.

मेहुण्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्याला तोंड आहे का?"

"आहे की. जेवायला वापरतो. बोलायचं काम मी करते."

सगळे हसले आणि त्या दिवसापासून त्याचं नाव मुक्या पडलं. मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला चालवून दाखव. औषधाच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट पोचवायचेत. बाटल्या धड पोचल्या तर पुढचं बोलू."

मुक्याने आधी मांजरीची पिल्लं एका खोक्यात हलवली. मग माझं तेल बघितलं, पाणी भरलं, काच पुसली. रस्त्यावर आल्यावर त्याने तिसरा गियर टाकला तेव्हा मी खर्रकन ओरडले. "चुकलं," तो पुटपुटला आणि क्लच पुन्हा दोनदा दाबला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला शिव्या पुष्कळांनी दिल्या. चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं.

मेहुणा शेजारी बसला होता, परीक्षा घ्यायला. खड्डा आला की मुक्या मला असा हळूच उतरवायचा, की मागे एक बाटली दुसरीला लागायची नाही. मेहुण्याला बोलायला जागाच मिळेना. मला वाटलं, जिंकलो आपण.

कारखान्याच्या फाटकाशी आलो. पहारेकऱ्याने फाटक सताड उघडलं आणि आत या म्हणून हात केला. मुक्याने मला बाहेरच थांबवलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही तळवे भिंतीला टेकवले, पाय फाकवले आणि तसाच उभा राहिला.

मेहुण्याने हॉर्न मारला. "अरे, काय झालं? पोटात दुखतंय का?"

पहारेकरी हसायला लागला. मग त्याचं हसू ओसरलं. "मी कुठं तुझी झडती घेतो म्हणालो?"

मुक्याने दचकून हात खाली घेतले. त्याचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. हॉर्नचा आवाज विरला होता आणि मेहुण्याला सगळं उमगलं होतं.

"आत होतास ना? तुरुंगात?"

"होय."

"कशासाठी?"

"गोदाम फोडलं होतं. चौघं होतो. मीपण माल उचलला."

त्याला खोटं सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. बाटल्या उतरवल्या. एकही फुटली नव्हती, पण ते आता कोण विचारतो? परत येताना मेहुणा दाराची मूठ घट्ट धरून बसला होता, जशी काही मीच त्याला पळवून नेणार होते.

आवारात पोचताच त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मालक ताईकडे वळले. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"बोलले." ताई उभी राहिली. "त्याआधी खरंच बोलत होते. वखारीत खरं सांगितलं, तर त्यांनी ह्याला बसल्या बाकावरून उठवलं. बर्फाच्या कारखान्यात खरं सांगितलं, तर माझंपण शिवणकाम बंद केलं. खरं बोलून बोलून आमची चूल थंड पडायला आली, मालक. मग खोटं बोलले. आता तुम्हीच काय ते ठरवा."

"गोदाम फोडणाऱ्याच्या ताब्यात लोकांचा माल द्यायचा?" मेहुणा म्हणाला. "उद्या गाडीसकट नाहीसा झाला तर?"

मालक दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. ते वाईट नाहीत. पण त्यांना कुणालाच नाराज करायचं नसतं, आणि असली माणसं फार त्रास देतात. त्यांनी मधला रस्ता काढला. मुक्याला काम मिळेल, पण रोज संध्याकाळी माझ्या केबिनची झडती होईल आणि किल्ली मेहुण्याकडे राहील. मालकांना हा तोडगा फार पसंत पडला. ताईने मान डोलावली, कारण दुसरं काय करणार?

तेव्हापासून रोज तोच तमाशा. मुक्या गाडी लावायचा आणि कुणी न सांगता भिंतीशी जाऊन उभा राहायचा. मेहुणा माझी सीट उचलायचा, चटईखाली हात घालायचा, पान्यांची पेटी उपडी करायचा. बाकीचे ड्रायव्हर चहा पीत बघायचे. माझ्या पोटात असा रोज हात घातला जाताना मला काय वाटत असेल, याचा विचार कुणी केला? मी आयुष्यभर लोकांचं सामान वाहिलं, एक खिळा इकडचा तिकडे केला नाही. आणि आता माझी झडती!

एके दिवशी आवारातला मोठा जॅक सापडेना. मेहुण्याने माझी केबिन रिकामी केली. मुक्याचा जेवणाचा डबा उघडला आणि त्यातल्या उरलेल्या भातात बोट घालून बघितलं. जॅक भातात लपतो का हो? थोड्या वेळाने तो एका नव्या गाडीखाली मिळाला. तिथल्याच ड्रायव्हरने तो ठेवला होता आणि विसरला होता. मेहुणा "सापडला" म्हणाला आणि निघून गेला. मुक्याने भात मांजरीला घातला, नळावर डबा विसळला आणि घरी गेला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने मला जागेवर लावलं, पण भिंतीशी गेला नाही. माझ्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला हो," मेहुणा म्हणाला.

"आजपासून झडती नाही."

"मग कामही नाही."

"नाही तर नाही."

मी ताईकडे पाहिलं. हे काम मिळावं म्हणून ती खोटं बोलली होती, तिने झडतीही मान्य केली होती. आता ती भावाला ओरडेल असं मला वाटलं. तिची सुई कापडात अर्धी रुतून थांबली होती. तिने ती आरपार ओढली.

मालक ऑफिसच्या दारात आले. मुक्याने जमिनीवरून नजर उचलली.

"मालक, मी चोरी केली. तिची शिक्षा भोगली. सोडताना मला सांगितलं, संपली म्हणून. तुम्ही सांगा, संपली की नाही?"

  मालकांनी माझ्या बॉनेटकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या लांबचा माल आहे. लवकर ये." आणि आत गेले.

आता हे काय उत्तर झालं?  मुक्याने किल्ली मेहुण्याच्या हातावर ठेवली आणि ताईबरोबर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लांब जाऊन आलो. वाटेत तो एकदाही 'चुकलं' असं पुटपुटला नाही. संध्याकाळी मला लावून तो खाली उतरला आणि माझ्या शेजारीच थांबला. मेहुणा रोजच्यासारखा आला. त्याने पायरीवर पाय ठेवला, दार उघडलं.  त्याने सीटकडे पाहिलं. मग मुक्याकडे पाहिलं.

"ब्रेक कसे आहेत?"

"डावीकडे ओढतात."

"सकाळी मिस्त्रीला दाखव." त्याने दार आपटलं. राग गेला नव्हता, पण हात सीटखाली गेला नव्हता.

मित्रांनो, सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आजही आवारात एखादी वस्तू दिसेनाशी झाली, की नजरा आधी माझ्याकडे वळतात आणि मग त्याच्याकडे. त्या दिवशी तो डबा न खाताच घरी नेतो. तुमच्यातले काही उद्या मालक होतील. काही मेहुणेही होतील, त्याला इलाज नाही. तुमच्या दाराशी कुणी काम मागायला आलं, तर विचारायचं ते एकदाच विचारा, चारचौघांत नको, आत बसवून विचारा. द्यायचं नसेल तर तोंडावर नाही म्हणा. आणि द्यायचं असेल तर पुरतं द्या. मी ओझी पुष्कळ वाहिली आहेत, म्हणून सांगते, अर्धवट बांधलेल्या मालासारखा त्रास दुसऱ्या कशाचा नसतो. तो वाटभर हलत राहतो.