एकाच पुठ्ठ्यात दोघे

मी एक चुकलेला खंड बोलतोय. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत 'वज्रपंख' लिहिलंय खरं, पण ते अर्धंच खरं.

वाचनालयातले चित्रकथांचे सुटे अंक फाटायला लागले, म्हणून ग्रंथपालबाईंनी ते बांधायला दिले. बाइंडरकाकांनी चहाच्या नादात दोन गठ्ठे एकत्र शिवले. पुढे वज्रपंखाचे सहा अंक, मागे निळ्या सावलीचे सहा. खळ वाळली, पुठ्ठा चढला आणि मी जन्मलो.

केवढा गहजब झाला! तिथे खिडकीजवळचं टेबल वज्रपंखवाल्यांचं, दाराजवळचं सावलीवाल्यांचं.

"सावलीवाले सगळे रडके," शिंपीदादा म्हणायचे. "दर पानावर उसासे!"

"आणि वज्रपंखवाले डोकं घरी ठेवून येतात," दारापासून नर्सताई सुनवायच्या. "ढिशूम झालं की खूश!"

एकमेकांचं एक पानही न वाचता हं!

"मधोमध कापतो," काका म्हणाले, "पण पानं टिकतील याची हमी नाही."

"चालेल!" दोन्ही टेबलं पहिल्यांदाच एका सुरात बोलली. शनिवार ठरला.

त्याच आठवड्यात शिंपीदादा मला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेले. वज्रपंख संपला, तरी नंबर लागेना. इकडेतिकडे बघत त्यांनी मागचा भाग उघडला. सुजल्या गालावर हात ठेवून शेवटपर्यंत वाचला आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'रडवलं राव. कुणाला सांगू नका.'

मग मी नर्सताईंकडे गेलो. समासातली ती ओळ वाचून त्या खुदकन हसल्या आणि त्यांनी गुपचूप पुढचा भाग उघडला. दुसऱ्या दिवशी दादांच्या ओळीखाली त्यांची ओळ आली: 'ढिशूममध्येही जीव आहे. तुम्हीही सांगू नका.'

शनिवारी दोन्ही टेबलं भरलेली. आपल्या माणसांदेखत बोलायचं कुणी? काकांचं पातं माझ्या पाठीला टेकलं.

"थांबा!" शिंपीदादा ताडकन उठले. "ही शिवण उसवायची नाही. मला... मला मागचा भाग पुन्हा वाचायचाय."

"दादा, तुम्हीसुद्धा?" त्यांचं टेबल आ वासून बघत राहिलं.

"म्हणजे 'रडवलं राव' तुमचंच होय?" नर्सताई उभ्या राहिल्या. "मग माझंही ऐका सगळ्यांनी. पुढचा भाग मी दोनदा वाचलाय!"

काकांनी पातं मिटलं.

आज माझे समास दोन्हीकडच्या अक्षरांनी गच्च भरलेत. भांडणं अजूनही होतात, पण आता वाचून होतात. तुम्हीही कुणाबद्दल 'ते सगळे असलेच' म्हणत असाल, तर एवढंच करा. निदान डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत तरी त्यांचं एक पान उघडा.