डावरीचे बिबडे

सत्याऐंशी सालच्या वैशाखात, आखाजीच्या सणाला, गावच्या सगळ्या लेकी माहेरी आल्या, झाडाझाडाला झोके बांधले, आणि माझी शेवंता तेवढी आली नाही. तिचा दीर लोटन बिबड्यांचा डबा घेऊन आला. म्हणे, घरात काम फार, वहिनीनं स्वतःच्या हातानं केलेत. मी त्याच्या तोंडावर म्हटलं, चांगलं सासर मिळालं की माय जड होते. मी मेली मनात काही ठेवणारी बाई नाही.

तो गेल्यावर डबा उघडला. ज्वारीचं शिजवलेलं पीठ आम्ही ओल्या हातानं कापडावर पापडासारखं थापतो. बिबडे वाळले तरी बोटांच्या रेघा तशाच राहतात. शेवंता डावरी, सगळं काम डाव्या हातानं, म्हणून तिच्या रेघा उलट्या वळतात. मागच्या सालचे तिचे चार बिबडे उरले होते, ते शेजारी ठेवून पाहिले. या सालच्या रेघा चारचौघींसारख्या सुलट होत्या.

मालकांना, शेवंताच्या बापाला, दाखवलं, की हे पोरीच्या हातचे नाहीत.

"तुले येड लागनं का?" मोतीलाल म्हणाले. "सासूनं केले असतील. खाय ना गुमान."

सासूनं केले असते तर मीही गप्प बसले असते. पण त्या बाईच्या हातचे मी खाल्लेत, कागदासारखे पातळ. हे मध्ये जाड, कडेला फाटलेले, पहिल्यांदा थापायला बसलेल्या पोरीचे असावेत तसे. आणि त्या घरात शिकाऊ कोणीच नाही. लोटनचं लग्न व्हायचंय, बायका दोनच. मग शिकतंय कोण?

दुसऱ्या दिवशी शेवंताच्या सासरी जायला एसटीत बसले. अमळनेर येईपर्यंत तेच डोक्यात. सासू नाही, म्हणजे शेवंताच. शेवंताच, पण उजव्या हातानं. मग डाव्याला काय झालं? जावयानं मारलं असेल, हात मोडला असेल. चुडामणला द्यायच्या शिव्या मी बसमध्येच जुळवून ठेवल्या, त्याच्या सात पिढ्यांसकट.

शेवंता ओट्यावर बसली होती. मला पाहताच तिनं डावा हात पदराखाली घेतला.

"माय, तू कसी उनी? बठ्ठं बरं शे ना घर?"

मी पदर बाजूला केला. तीन बोटं नव्हती.

माघात झालं होतं. कडबा कापायच्या यंत्रात ती कडबा सारत होती आणि चाक चुडामण फिरवत होता. तिनं हात काढायच्या आत त्यानं चाक फिरवलं. एवढंच ती बोलली. मग म्हणाली, सासू बिबडे करून देत होत्या, पण मी म्हटलं माय दुसरीचा हात लगेच ओळखेल, म्हणून मीच केले. किती तरी वाया गेले.

"अगं, पण मला का नाही कळवलं? मी आले असते ना धावत."

तिनं पदर पुन्हा हातावर ओढून घेतला.

"तुनी जीभ माले माहीत शे, माय. ते तवापासून धड जेवत नही. तू शिव्या देशी, अन् ते जीवच दी टाकतीन."

तेवढ्यात चुडामण शेतातून आला. मला पाहिलं, डोक्यावरचा भारा तिथंच टाकला आणि दाराशी खाली बसला. चांगला उंचापुरा गडी, पण तीन महिन्यांत पार वाळला होता. बसमध्ये जुळवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. तो गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

शेवंतानं माझा हात घट्ट धरला. मी आता काय बोलते, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या पोटची पोर तीन महिने मला भिऊन एकटीनं दुखणं काढत होती. मी ओट्यावर बसले आणि मलाही रडू आवरलं नाही.