मी आकाशातली कातरण

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती? साडेचारशे कोटी वर्षं. तुमच्या पृथ्वीच्याच वयाचा. पण नोकरी लागली ती शिंप्याच्या दुकानात. कापताना कापड सरकू नये म्हणून त्यावर वजन ठेवतात ना, ते वजन म्हणजे मी. मुठीएवढा, काळा, आणि खालून गोल असल्यामुळे जरा डुगडुगणारा.

माझा जन्म शिंप्याच्याच भाषेत सांगतो. सूर्याभोवतीचे ग्रह शिवून झाले तेव्हा बरीच कातरण उरली. दगडाची, लोखंडाची. त्यातली पुष्कळशी मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये अजून फिरतेय. तिला लघुग्रह म्हणतात. एकदा दोन लघुग्रह एकमेकांवर आपटले आणि एकाचा टवका उडाला. तो टवका मी.

मग नुसता फिरत होतो. किती वर्षं, मोजली नाहीत. आणि एके दिवशी पृथ्वी आडवी आली.

त्या सकाळी दुकानाचे मालक सायकलवरून एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला निघाले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी हवेत शिरलो आणि पेटलो. मास्तरांना आधी लख्ख उजेड दिसला, मग धुराची लांबलचक शेपटी, मग गडगडाट. पुढच्या वळणावर रस्त्याकडेच्या चरात मी पडलेला. हात भाजेल म्हणून त्यांनी मला गुंडाळून उचललं. गिऱ्हाइकाच्या कोटात! आणि मी तर गार. जळाली ती फक्त वरची कातडी, तीही काही सेकंदांत. आतून मी अवकाशातली थंडी घेऊनच आलो होतो.

मास्तर दुकानात येऊन ओरडले, "धूमकेतू पडला! शेपटी बघितली मी!"

तिथे शाळेतले विज्ञानाचे सर पॅंटचं माप द्यायला उभे होते. ते पोट धरून हसले. "अहो मास्तर, धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेला बर्फ. तो लांबून जातो, दिवसेंदिवस आकाशात दिसतो. चरात कुठला पडतोय? आणि आकाशातून पडला तर गार कसा?"

धूमकेतूचं सर बरोबरच सांगत होते. तो सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि शेपटी फुटते. गंमत म्हणजे ती शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला. टेबलफॅनसमोर चिंधी धरून कुठल्याही दिशेला चाला, चिंधी फॅनपासून लांबच उडणार. तसंच. परत जाताना तर शेपटी पुढे आणि स्वारी मागे!

माझी शेपटी मात्र साधा धूर. ती चमकलेली रेघ म्हणजे उल्का. खडूच्या रेघेसारखी, आखली की पुसली. धूमकेतूनं सांडलेली धूळ पृथ्वीच्या वाटेत आली की अशा ढीगभर रेघा दिसतात. आणि पुरता न जळता जमिनीवर पोचतो तो दगड म्हणजे अशनी. मला तोंड असतं तर तिथंच सांगितलं असतं.

त्या दिवसापासून 'धूमकेतू मास्तर' हे नाव पडलं ते पडलंच. "काय मास्तर, आज काय पडलं?" लोक विचारायचे. सुरुवातीला मास्तर चिडून सगळी हकिगत सांगायचे. मग अर्धी. मग सांगायचंच सोडून दिलं.

आता मशीनवर त्यांची सून बसते. मास्तर खिडकीशी बसून शर्टांची काजं करतात. परवा मी डुगडुगलो, कापड सरकलं आणि बाही वाकडी कापली गेली. सून वैतागली. कात्र्यांना धार लावणारे काका दारात होतेच.

"काका, याचं बूड जरा सपाट करून द्या. बाबा, चालेल ना?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "घास. दगडच आहे तो."

मित्रांनो, आगीतून येताना लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

चाक फिरलं. माझी काळी कातडी खरवडली जाऊ लागली. बोटभर जागा घासली असेल, काका थांबले. "ताई, कुठला हो हा दगड? आत चांदीसारखे ठिपके आहेत."

सुनेनं मला टेबलावर ठेवलं. टाचण्या गोळा करायला तिनं नवंच लोहचुंबक आणलं होतं. ते टक्कन मला येऊन चिकटलं.

"बाबा! यात लोखंड आहे!"

मास्तरांची सुई थांबली.

सरांना निरोप गेला. ते आता निवृत्त झालेत. त्यांनी भिंग लावून पाहिलं. "भट्टीच्या कचऱ्यातही लोखंड असतं. तपासल्याशिवाय मी बोलणार नाही," म्हणाले आणि माझा एक कण तपासायला पाठवला. महिन्यानं स्वतः आले. हातात ना पॅंट, ना माप.

"अशनीच आहे. लघुग्रहाचा तुकडा. मास्तर, तुम्ही धूमकेतू म्हणालात आणि मी तिथंच हसलो. पुढचं ऐकलंच नाही. आता सांगाल?"

मास्तरांनी सुई कापडात टोचून ठेवली. चष्मा काढला. "मी सायकलवर होतो. कोट मागे बांधलेला. तेवढ्यात तो धूमकेतू..."

"उल्का, बाबा," सून हळूच म्हणाली.

"तेच ते. मध्ये बोलू नकोस."

कोणी हसलं नाही. सगळी हकिगत ऐकली. अगदी कोटासकट.

मित्रांनो, कोणी आकाशात काहीतरी पाहून आलं आणि नाव चुकीचं घेतलं, तर नाव जरूर दुरुस्त करा. पण आधी विचारा, कुठे दिसलं, किती वेळ दिसलं, आवाज आला का. आणि असा काळा दगड सापडला तर घासू नका, आधी जाणत्याला दाखवा. माझी बोटभर कातडी गेली ती गेलीच.

आता डुगडुगत मात्र नाही.